सुटी होणारी शिडाची छोटी होडी घरी कशी बांधावी

दोन भागांत सुटणारी होडी म्हणजे पुढचा भाग वेगळा बांधायचा, मागचा वेगळा बांधायचा आणि शेवटी बोल्टने जोडायचे, असं बहुतेकांना वाटतं. तसं अजिबात करू नका. घरच्या कामात प्रत्येक भाग तीन-चार मिलिमीटर तरी पिळतोच. दोघांचे पीळ सांध्यावर एकत्र येतात, मग बोल्ट अडकतात आणि तळाला पायरी पडते. म्हणून होडी अखंड बांधायची. मधल्या दोन आडव्या भिंती, म्हणजे बल्कहेड, आधीच एकमेकींना बोल्टने आवळून आत बसवायच्या आणि होडी पूर्ण झाल्यावर त्या दोन भिंतींमधून करवत चालवायची. हा क्रम पाळला की दोन्ही भाग एकमेकांशी तंतोतंत जुळतात, कारण ते मुळात एकाच होडीचे असतात.

बांधणीसाठी प्लायवुडचे तुकडे तारेने शिवून इपॉक्सीने चिकटवायची पद्धत वापरायची. १९६२ साली ब्रिटनमध्ये जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी केलेल्या ‘मिरर’ डिंगीने, म्हणजे छोट्या शिडाच्या होडीने, ही पद्धत घराघरांत पोचवली. त्यात साचा लागत नाही आणि लाकडाला लाकूड अगदी घट्ट भिडावं लागत नाही, कारण फटी इपॉक्सी भरून काढतं. सुतारकामाचा फार अनुभव नसला तरी चालतं. काटेकोरपणा लागतो तो मोजमापात आणि इपॉक्सी कालवण्यात.

माप आणि आराखडा

इथली मापं तीन मीटर लांब, सपाट तळाच्या आणि पुढून चौकोनी नाकाच्या होडीची आहेत. काठाशी रुंदी १२५० मिमी, तळाशी ९५०, बाजूंची उंची ४२०. पुढचा भाग १३०० मिमी, मागचा १७००. दोन मोठी माणसं आणि थोडं सामान धरून सगळं वजन २२० किलोच्या आसपास जातं आणि तळ सगळ्यात खोल असतो तिथे होडी साधारण १५० मिमी बुडते. एकेका भागाचं वजन २२ ते २८ किलो भरतं, म्हणजे एकट्याला कसाबसा आणि दोघांना आरामात उचलता येतो. टोकदार नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, देखणी दिसते खरी, पण तेवढ्याच लांबीत जागा कमी मिळते आणि होडी सुटी करून पुढचा भाग मागच्या भागाच्या आत ठेवताना टोक आडवं येतं. पहिल्या होडीला चौकोनी नाक बरं.

ही मापं कल्पना येण्यासाठी आहेत. फळ्यांचे वक्र आकार एखाद्या अनुभवी आरेखकाच्या तयार आराखड्यावरून घ्या. हाती लागलेला आराखडा अखंड होडीचा असला तरी तो सुट्या होडीसाठी बदलता येतो, कारण बाहेरचा आकार तोच राहतो.

प्लायला हात लावण्याआधी पुठ्ठ्याचं १:१० मापाचं मॉडेल करा. ते ३०० मिमीचं होईल. ते कात्रीने दोन भागांत कापा आणि पुढचा भाग मागच्यात ठेवून बघा. बाजू वरच्या अंगाला फाकलेल्या असल्याने पुढचा भाग आत बसतो, पण तळाला टेकत नाही, थोडा वर तरंगतो. मागची बैठक आड येते का, मधलं आसन काढता येणारं करावं लागेल का, हे पुठ्ठ्यावर अर्ध्या तासात कळतं. प्लायवर कळलं तर पूर्ण शीट वाया जाते.

सांधा कुठे घ्यायचा? डोलकाठीची बैठक संपूर्ण पुढच्या भागात हवी आणि पाण्यात उतरणारी फळी संपूर्ण मागच्या भागात. ही फळी होडीला आडवं सरकण्यापासून अडवते. ती मधल्या खोबणीतून खाली सोडली तर खोबणीची पेटी नेमकी पुढचा भाग ठेवायच्या जागेत उभी राहते, शिवाय पेटीचा तळाशी असलेला जोड गळायची शक्यता कायम राहते. म्हणून सुट्या होडीला बाजूला टांगलेला एकच लीबोर्ड अधिक सोयीचा. दोन्ही दिशांना तो काम देतो.

सामान

- ६ मिमी मरीन प्लाय, २४४० × १२२० मिमी, ४ शीट. बीएस १०८८ (मरीन प्लायचं ब्रिटिश मानक) प्रतीचा मिळाला तर उत्तम. प्रत माहीत नसेल तर एक तुकडा तासभर उकळून वाळवा. थर सुटले तर तो प्लाय घेऊ नका.
- इपॉक्सी, रेझिन आणि हार्डनर मिळून ८ ते १० किलो. दाट करायला लाकडाचा बारीक भुसा आणि सिलिका पावडर.
- फायबरग्लास टेप, ७५ मिमी रुंद, चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची, ५० मीटर. तळाला बाहेरून लावायला त्याच वजनाचं कापड ४ चौरस मीटर.
- तांब्याची तार, १ ते १.२ मिमी, २० मीटर.
- काठपट्टी आणि तळाच्या घसरपट्ट्यांसाठी २० × ४० मिमी सरळ दोऱ्याचं, गाठी नसलेलं लाकूड, साधारण १६ मीटर.
- एम१० चे, म्हणजे १० मिमी व्यासाचे, ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे ४ बोल्ट, नट, ४० मिमीहून मोठे वॉशर, रबरी वॉशर.
- डोलकाठीसाठी ५० मिमी बाहेरच्या व्यासाची, ३ मिमी जाडीची अ‍ॅल्युमिनियम नळी आणि आतल्या सांध्यासाठी ४० मिमी नळी.

फळ्या कापणं आणि लांब करणं

शीट २४४० मिमीची आणि फळी तीन मीटरहून थोडी जास्त, म्हणजे लांबीत जोड आलाच. तिरकस जोड सर्वांत चांगला. उतार १:८ ठेवा, म्हणजे ६ मिमी प्लायला ४८ मिमी रुंदीचा उतार. दोन्ही टोकं एकावर एक, ४८ मिमी मागे सरकवून ठेवा आणि धारदार रंध्याने एकत्रच तासा. प्लायच्या थरांच्या रेषा सरळ आणि समांतर दिसल्या की उतार बरोबर आला. हे जमणार नसेल तर दोन टोकं भिडवून आतून १५० मिमी रुंद पट्टी चिकटवा. तेही टिकतं, फक्त पट्टीजवळ फळी कमी वाकते. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट सांभाळा: हा जोड होडी कापायच्या रेषेपासून किमान ३०० मिमी लांब हवा.

आकार आखताना दर २०० मिमीला बिंदू मांडा, त्यांवर खिळे ठोका आणि लवचिक लाकडी पट्टी टेकवून रेघ ओढा. पट्टी एखाद्या खिळ्यापाशी अडखळली तर चूक त्या मापात आहे, तिथे पट्टीवर विश्वास ठेवा. डावी-उजवी फळी एकावर एक ठेवून, रेघेबाहेर २ मिमी सोडून कापा आणि दोन्ही एकदमच रंध्याने रेघेवर आणा. त्या जोडीने सारख्या असल्या तर होडी पिळत नाही.

मधल्या दोन भिंती

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

दोन्ही बल्कहेड एकत्र आवळून कापा. मध्यभागी उंची २८० मिमी ठेवा आणि दोन्ही काठांकडे ती पूर्ण ४२० पर्यंत न्या. त्यामुळे इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा आकार होतो. मधे २८० च्या खाली जाऊ नका. सांध्याच्या फटीत बाहेरचं पाणी १५० मिमीपर्यंत उभं राहणार आणि लाट आली की ते उसळून आत येणार.

बोल्ट चार. दोन खाली, तळापासून ६५ मिमी वर आणि बाजूंपासून १५० मिमी आत. दोन वर, काठाखाली ५० मिमी. माणसं मधे बसली की होडी खालच्या अंगाला वाकू पाहते, त्यामुळे तळ ताणला जातो आणि काठ दाबला जातो. दोन माणसांचे १६० किलो अगदी मधोमध धरले तर खालच्या दोन बोल्टांवर मिळून साधारण २०० किलोची ओढ येते. होडी दोन टोकांना दगडांवर टेकली आणि माणसं आत बसली तर हीच ओढ दुप्पट होते. एम१० बोल्ट याच्या कितीतरी पट सोसतो. चुरतो तो बोल्टाभोवतीचा प्लाय, किंवा भिंत आणि तळ यांचा जोड उलतो. म्हणून प्रत्येक बोल्टापाशी आतून १०० × १०० मिमीचा, १२ मिमी जाड ठोकळा चिकटवा. या भिंतींच्या तळाच्या जोडाला टेपचे दोन थर द्यायचे, हेही आताच ध्यानात ठेवा.

दोन भिंतींमधे करवतीला जागा हवी. प्रत्येक बोल्टाच्या ठिकाणी ६ मिमी प्लायची १०० × १०० मिमीची चकती फक्त पुढच्या भिंतीला चिकटवा. या चकत्या कायमच्या राहतील. त्यांच्या मोकळ्या अंगाला पॅकिंग टेप लावा, म्हणजे ओघळलेल्या इपॉक्सीने मागची भिंत चिकटून बसणार नाही.

मग भिंती, चकत्या, ठोकळे सगळं एकत्र आवळून १४ मिमीचं भोक आरपार पाडा. भिंती सुट्या करा, भोकं दाट इपॉक्सीने भरा, वाळू द्या. पुन्हा जुळवून आवळा आणि मधोमध १०.५ मिमीचं भोक पाडा. आता बोल्टभोवती प्लायची उघडी कड नाही, सलग इपॉक्सीची नळी आहे. तिच्यातून पाणी प्लायमध्ये शिरत नाही. हे काम होडी कापल्यावर करायला गेलात तर चार भोकं पुन्हा एका रेषेत येणं जवळजवळ अशक्य.

शेवटी दोन्ही भिंतींच्या आतल्या, म्हणजे फटीकडच्या पृष्ठभागाला इपॉक्सीचे तीन हात द्या. नंतर तिथे ब्रश पोचणार नाही. बोल्ट आवळा आणि फटीच्या कडेने सगळीकडे मास्किंग टेप लावा.

शिवणं आणि पीळ काढणं

फळ्यांच्या कडांपासून १० मिमी आत, दर १२० मिमीला २ मिमीची भोकं पाडा. तळ, बाजू, पुढची-मागची फळी, मधली भिंतजोडी आणि टोकांच्या हवाबंद कप्प्यांच्या भिंती तारेने शिवून घ्या. सुरुवातीला तार सैलच पिळा. सगळी होडी उभी राहिली की मग मधून टोकांकडे एकेक आवळत जा. एकच टाका पूर्ण आवळून पुढे गेलात तर प्लाय तिथे फाटतो.

आता पीळ तपासा. दोन सरळ पट्ट्या काठांवर आडव्या ठेवा, एक पुढे, एक मागे, आणि मागून एका डोळ्याने बघा. दोन्ही पट्ट्यांच्या वरच्या कडा समांतर दिसायला हव्यात. सोबत नाकाच्या मध्यापासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांपर्यंतचं अंतर मोजा. फरक ५ मिमीच्या आत हवा. पीळ असेल तर एका कोपऱ्याखाली पाचर सारा किंवा वजन ठेवा. या घडीला होडी कशीही वळते. फिलेट, म्हणजे जोडाच्या कोपऱ्यात भरलेलं दाट इपॉक्सी, वाळल्यावर मात्र जो आकार असेल तो कायमचा.

इपॉक्सी

रेझिन-हार्डनरचं प्रमाण उत्पादकाने दिलेलंच ठेवा, आणि ते वजनाने दिलंय की आकारमानाने हे आधी बघा. घाई म्हणून हार्डनर जास्त घातला तर इपॉक्सी लवकर वाळत नाही, उलट कायमचं चिकट राहतं. एका वेळी १५० ते २०० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट भांड्यात ओता. खोल डब्यात राहिलं तर ते स्वतःच्या उष्णतेने तापतं, धूर सोडतं आणि काही मिनिटांत दगड होतं. हातमोजे प्रत्येक वेळी घाला. इपॉक्सी वारंवार कातडीला लागलं की अ‍ॅलर्जी जडू शकते आणि ती सहसा जात नाही.

आधी टाक्यांच्या मधे दाट इपॉक्सीचे छोटे ठिपके द्या. ते वाळले की तारा कापून काढा. तार अडली तर तापलेल्या सोल्डरिंग लोखंडाने गरम करून ओढा. मग जोडाला आधी पातळ इपॉक्सी चोळा आणि त्यावर भुसा घालून दाट केलेलं मिश्रण भरा. ते कालथ्यावरून ओघळायला नको. २० मिमी त्रिज्येच्या गोल टोकाच्या पट्टीने एकदाच ओढून घ्या. ही झाली फिलेट. ती ओली असतानाच वर टेप बसवा आणि कापड पारदर्शक होईपर्यंत इपॉक्सी पाजा. टेप पांढरी दिसते तिथे हवा आहे. सगळीकडे एक थर द्या. मधल्या दोन भिंतींना दोन, दुसरा थर पहिल्याहून २५ मिमी जास्त रुंद.

वाळलेल्या इपॉक्सीवर कधी मेणचट साय येते, हवा दमट असेल तर हमखास. तिच्यावर पुढचा थर धरत नाही आणि पॉलिशपेपरने घासलं तर ती उलट पसरते. आधी साध्या पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुवा, पुसा, मग घासा.

कोऱ्या प्लायला पहिला हात देताना तापमान उतरणीला लागलेलं असावं. लाकूड तापत असताना त्यातली हवा बाहेर पडते आणि इपॉक्सीत शेकडो बारीक बुडबुडे उठतात. दुपार ओसरल्यावर हात दिला तर लाकूड थंड होताना इपॉक्सी आत ओढून घेतं.

आतलं काम झालं की होडी उलटी करा, बाहेरच्या कडा ६ मिमी त्रिज्येत गोल करा, टेप लावा आणि तळावर कापड पसरा. ६ मिमीचा सपाट तळ पायाखाली लवतो, म्हणून बाहेरून लांबीला तीन घसरपट्ट्या चिकटवा. त्या तळ ताठ करतात आणि किनाऱ्यावर ओढताना झीजही त्यांच्याच वाट्याला येते. नंतर काठपट्ट्या. वरच्या बोल्टांपाशी काठपट्टी आणि भिंत यांच्यामधे पोकळी राहू देऊ नका.

पुढच्या आणि मागच्या हवाबंद कप्प्यांत मिळून किमान २०० लिटर हवा हवी आणि ती दोन्हीकडे साधारण सारखी वाटलेली हवी. एकाच टोकाला असली तर उलटलेली होडी दुसऱ्या टोकावर उभी राहते आणि पाणी उपसताच येत नाही. प्रत्येक कप्प्याला झाकणाची खिडकी ठेवा. तपासणीसाठी खिडकीतून नळी घालून तोंडाने फुंका आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. कॉम्प्रेसर लावू नका, कप्पा फुटतो.

होडी कापणं

बोल्ट पुन्हा एकदा आवळा. रेषेच्या दोन्ही बाजूंना, ३०० मिमी अंतरावर, दोन-दोन आधार ठेवा. कापून झाल्यावर कुठलाच भाग लवायला नको. बाहेरून फट नेमकी कुठे आहे हे काठावरून गुण्याने (सुताराच्या काटकोनी पट्टीने) खाली उतरवा आणि दोन-तीन ठिकाणी १.५ मिमीचं भोक पाडून खात्री करा. बारीक दात्यांची, ओढताना कापणारी हातकरवत घ्या. आधी दोन्ही काठपट्ट्या, मग बाजू, शेवटी तळ. यंत्राची करवत झटक्यात भिंतीत शिरते, ती इथे नको.

करवत साधारण १ मिमी खाते आणि फट ६ मिमीची, म्हणून दोन्ही भागांच्या कडा भिंतीबाहेर जरा डोकावतात. त्या गोल करा आणि इपॉक्सीचे तीन हात द्या. होडीत पाणी शिरायची ही सगळ्यात दुर्लक्षित जागा.

सांध्याला सगळीकडून रबराची पट्टी लावायचा मोह होतो. नका लावू. प्रत्येक भाग स्वतंत्रपणे जलरोधक आहे, फटीत पाणी आलं तरी बिघडत नाही. उलट रबर दाबलं जातं, बोल्ट कधीच पुरते आवळले जात नाहीत आणि सांधा हलत राहतो. रबरी वॉशर फक्त बोल्टांना लावा, दोन्ही अंगांना, कारण खालचे दोन पाण्याच्या रेषेखाली आहेत. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर कोरडा फिरवला तर तो मधेच जाम होतो आणि कापावाच लागतो. आट्यांना ग्रीस हवंच.

इपॉक्सी उन्हाने खराब होतं, म्हणून बाहेरून-आतून रंग किंवा ऊन रोखणारं व्हार्निश लागतं. त्याआधी प्रत्येक भाग सपाट जमिनीवर ठेवून आत १०० मिमी पाणी भरा आणि दोन तास बघा.

शीड, लीबोर्ड, सुकाणू

तिरप्या काठीवर टांगलेलं चौकोनी, म्हणजे लग प्रकारचं ४ ते ४.५ चौरस मीटरचं शीड या होडीला शोभतं. त्याला डोलकाठी आखूड पुरते आणि ताणाच्या तारा लागत नाहीत. डोलकाठी तीन मीटरची, दोन तुकड्यांची. आतल्या नळीवर फायबरग्लासची टेप गुंडाळून ती घट्ट बसेल इतकी जाड करा आणि दोन्हीकडे ३०० मिमी आत जाऊ द्या. डोलकाठीवर सगळ्यात जास्त ताण ती काठाच्या पातळीवर जिथे धरलेली असते तिथे येतो, म्हणून हा जोड त्याहून किमान ५०० मिमी वर घ्या.

लीबोर्डचा पाण्यातला भाग शिडाच्या क्षेत्रफळाच्या ४ ते ५ टक्के हवा, इथे ७०० × २८० मिमी पुरेल. ६ मिमी प्लायचे तीन थर चिकटवून १८ मिमी जाडी करा, पुढची कड गोल आणि मागची निमुळती तासा. तो मागच्या भागाच्या बाजूला, बल्कहेडच्या लगेच मागे, एम१० बोल्टवर फिरता ठेवा. वारा लीबोर्डच्या विरुद्ध बाजूने आला की पाणी त्याला होडीवर दाबतं. वारा त्याच्याच बाजूने आला की खालचं टोक बाहेर ओढतं. म्हणून काठाशी बाहेरून भक्कम आडवी पट्टी हवी, नाहीतर एकट्या बोल्टवर सगळा जोर येतो.

शिडाचा मध्य लीबोर्डच्या मध्यरेषेवर उभा येईल असं बांधून सुरुवात करा. सुकाणू सोडल्यावर नाळ हलकेच वाऱ्याकडे वळली तर बरोबर. ती वाऱ्यापासून दूर पळत असेल तर शीड काठीवर थोडं मागे सरकवा किंवा लीबोर्डचं खालचं टोक पुढे करा. शिडाच्या पुढच्या-वरच्या कोपऱ्यापासून मागच्या-खालच्या कोपऱ्याकडे लांब सुरकुती पडली तर पुढची खाली ओढणारी दोरी सैल आहे. ती जोर लावून आवळा. सुकाणूचं पातं उथळ पाण्यात वर उचलणारं करा आणि सुकाणू होडीला दोरीने बांधून ठेवा, कारण उलटलेल्या होडीचं सुकाणू निसटून जातं.

पहिल्यांदा पाण्यात न्याल तेव्हा कंबरभर पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, होडी मुद्दाम उलटवा. सरळ करा, आत बसा, बादलीने पाणी उपसा. परत आल्यावर बोल्ट बघा: कुठला सैल झाला असेल तर त्याच्या ठोकळ्याखाली बारीक भेग आहे का तपासा आणि सापडली तर तो भाग घासून टेपचा आणखी एक थर द्या. खाऱ्या पाण्यातून आणलेली होडी गोड्या पाण्याने धुवायची, नट काढून ग्रीस लावायचं आणि कप्प्यांची झाकणं उघडी ठेवूनच दोन्ही भाग एकात एक ठेवायचे.